खडूने फरशीवर खेळलेल्या एका खेळाने हिटलरच्या पाणबुड्यांचा डाव उलटवला होता

पाणबुडीचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना एक डाव पाठ असतो. सायलेंट हंटरसारख्या गेममध्ये तुम्ही जर्मन यू-बोटचे कॅप्टन असता. समोर शत्रूच्या व्यापारी जहाजांचा मोठा ताफा चाललेला असतो आणि त्याच्या चहूबाजूंनी युद्धनौकांचा पहारा असतो. नवखा खेळाडू दिवसाढवळ्या, पाण्याखालून आणि लांबूनच टॉर्पेडो सोडतो. बरेचदा नेम चुकतो, पहारेकरी धावून येतात आणि गेम ओव्हर.

मुरलेला खेळाडू मात्र रात्र होण्याची वाट बघतो. अंधार पडला की तो पाणबुडी पाण्याच्या वर आणतो, गुपचूप पहारेकऱ्यांच्या मधून ताफ्याच्या आत शिरतो आणि जहाजांच्या दोन रांगांमध्ये उभं राहून अगदी जवळून टॉर्पेडो मारतो. गोंधळ उडाला की बुडी मारायची, ताफा डोक्यावरून पुढे जाऊ द्यायचा आणि आपण मागच्या मागे पसार व्हायचं.

हा डाव गेम बनवणाऱ्यांनी शोधलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन कॅप्टन्सनी तो खरोखर खेळला आणि त्यात हजारो माणसं समुद्रात बुडाली. ब्रिटिश नौदलाला कितीतरी महिने कळतच नव्हतं की टॉर्पेडो येतो तरी कुठून. शेवटी हे कोडं एका निवृत्त अधिकाऱ्याने सोडवलं. आजारपणामुळे नौदलाने त्याला घरी बसवलं होतं आणि त्याच्याकडे ना जहाज होतं ना फौज. त्याच्याकडे होती एक फरशी, खडू, लाकडी जहाजं आणि विशीतल्या काही मुली.

त्या अधिकाऱ्याचं नाव गिल्बर्ट रॉबर्ट्स.

टीबी झाला आणि नौदल सुटलं

रॉबर्ट्सचा जन्म १९०० सालचा. कोवळ्या वयातच तो रॉयल नेव्हीत दाखल झाला. तोफखान्याचं शिक्षण घेतलं आणि एकेक पायरी वर चढत गेला. १९३० च्या दशकात त्याची नेमणूक पोर्ट्समथच्या टॅक्टिकल स्कूलमध्ये झाली. तिथे एक वेगळीच पद्धत होती. मोठ्या पटावर छोटी जहाजं मांडायची, दोन गट पाडायचे आणि लढाई खेळून बघायची. कुठली चाल चालते आणि कुठली अंगाशी येते, हे खऱ्या समुद्रात माणसं मरण्याआधी पटावर कळायचं.

रॉबर्ट्सला हे फार आवडलं. पुढे त्याला एका विनाशिकेचं नेतृत्वही मिळालं. सगळं सुरळीत चाललं होतं.

आणि मग त्याला क्षयरोग झाला. तेव्हा टीबीवर आजच्यासारखी औषधं नव्हती. १९३८ मध्ये नौदलाने त्याला सेवेतून मोकळं केलं. वय जेमतेम ३८. दुसऱ्याच वर्षी युद्ध पेटलं. ज्या लढाईसाठी आयुष्यभर तयारी केली ती सुरू झाली आणि हा माणूस काठावर उभा राहून बघत होता. परत घ्या म्हणून त्याने खटपट केली, पण खराब फुफ्फुसांच्या अधिकाऱ्याला जहाजावर कोण पाठवणार?

तिकडे समुद्रात काय चाललं होतं?

ब्रिटन हे बेट आहे. युद्धाआधी तिथलं निम्म्याहून जास्त अन्न बाहेरून यायचं. तेल तर जवळपास सगळंच जहाजाने यायचं. जर्मनीच्या पाणबुडी दलाचा प्रमुख कार्ल डोनिट्झ याचं गणित सरळ होतं. जहाजं बांधली जातात त्याहून वेगाने बुडवायची, म्हणजे ब्रिटन आपोआप गुडघे टेकेल.

जहाजं एकेकटी जाऊ नयेत म्हणून ब्रिटिश त्यांचे ताफे करायचे. तीस-चाळीस जहाजं रांगा करून निघायची आणि बाहेरून काही युद्धनौका राखण करायच्या. या युद्धनौकांवर अ‍ॅस्डिक नावाचं यंत्र असायचं, ज्याला पुढे सोनार म्हटलं गेलं. ते पाण्यात आवाजाची लहर सोडायचं. पाणबुडीला आपटून लहर परत आली की पाणबुडी कुठे आहे ते कळायचं.

पण इथेच मेख होती. अ‍ॅस्डिक पाण्याखालची पाणबुडी शोधायचं, पाण्यावरची नाही. त्या काळची पाणबुडी खरं तर बुडी मारू शकणारी बोटच होती. पाण्याखाली तिचा वेग जेमतेम ७-८ नॉट आणि तोही थोडाच वेळ, कारण बॅटरी संपायची. पाण्यावर मात्र डिझेल इंजिनावर ती १७ नॉटने पळायची. म्हणजे ताफ्याच्या दुप्पट वेग आणि राखणीच्या छोट्या कॉर्व्हेट नौकांपेक्षाही थोडा जास्तच. त्यात तिचा आकार बुटका. रात्रीच्या अंधारात, उसळत्या लाटांमध्ये तिचा मनोरा कुणाला दिसणार?

ऑटो क्रेश्मर या जर्मन कॅप्टनने याचा पुरेपूर फायदा घेतला. तो रात्री पाण्यावरून थेट ताफ्याच्या पोटात शिरायचा आणि एका जहाजाला एकच टॉर्पेडो पुरला पाहिजे असा हिशेब ठेवायचा. १९४१ च्या मार्चमध्ये तो पकडला गेला, पण तोवर त्याने ४० हून जास्त जहाजं बुडवली होती.

या युद्धाची झळ आपल्याकडेही पोचली होती. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो भारतीय खलाशी काम करायचे. त्यात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे होते, गोव्याचेही होते. १९४० च्या सप्टेंबरमध्ये सिटी ऑफ बनारस हे जहाज लहान मुलांना सुरक्षित ठिकाणी, कॅनडाला घेऊन चाललं होतं. यू-४८ या पाणबुडीने रात्री त्याला टॉर्पेडो मारला. ९० मुलांपैकी ७७ मुलं गेली. एकूण अडीचशेहून जास्त माणसं गेली आणि त्यात १०० हून जास्त भारतीय खलाशी होते.

एक काम मिळालं, पण कसलं?

१९४२ च्या जानेवारीत रॉबर्ट्सला लंडनला बोलावणं आलं. पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांना या पाणबुड्यांनी अक्षरशः हैराण केलं होतं. रॉबर्ट्सला सांगण्यात आलं की लिव्हरपूलला जा, समुद्रात नेमकं काय घडतंय ते शोधून काढ आणि पाणबुड्या बुडवण्याचा मार्ग सांग.

लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये वेस्टर्न अ‍ॅप्रोचेसचं मुख्यालय होतं. अटलांटिकच्या लढाईचा सगळा कारभार तिथून चालायचा. मुख्यालयाचे प्रमुख होते अ‍ॅडमिरल पर्सी नोबल. रॉबर्ट्सने आपली कल्पना मांडली की आपण लढाया खेळून बघू. नोबल यांना हे काही फारसं पटलं नाही. बाहेर रोज जहाजं बुडतायत आणि हा माणूस खेळण्यांची जहाजं मांडून बसणार! पण चर्चिलचा माणूस म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? त्याला इमारतीच्या वरच्या मजल्यावर जागा मिळाली.

माणसं मिळाली ती मात्र सगळी नौदलाच्या महिला दलातली. या दलाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिथल्या मुलींना रेन म्हणायचे. रेन हा एक इवलासा पक्षी. यातली जीन लेडलॉ हिशेबात तरबेज होती. जॅनेट ओकेल तर नुकतीच विशीत पोचलेली. यातल्या बहुतेकींनी कधी युद्धनौकेवर पाऊल ठेवलं नव्हतं. पण गणित, चिकाटी आणि डोकं शांत ठेवणं या तीन गोष्टी त्यांच्याकडे होत्या आणि रॉबर्ट्सला त्याच हव्या होत्या.

खेळ कसा चालायचा?

खोलीतल्या लिनोलियमच्या फरशीवर चौकटी आखल्या. ती फरशी म्हणजे अटलांटिक महासागर. तिच्यावर ताफ्याची छोटी जहाजं मांडली. एका बाजूने युद्धनौकांचे कॅप्टन, दुसऱ्या बाजूने पाणबुडी.

आता खरी गंमत ऐका. युद्धनौकांचे कॅप्टन झालेल्या खेळाडूंना फरशी दिसायचीच नाही. त्यांना कापडी पडद्यांमागे बसवायचे आणि पडद्याला लहानशी फट ठेवायचे. खऱ्या समुद्रात रात्री जेवढं दिसेल तेवढंच इथे दिसलं पाहिजे, हा नियम. जहाजांचा मार्ग पांढऱ्या खडूने काढायचे, पण पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूने. तपकिरी फरशीवर हिरवी रेघ फटीतून तिरक्या नजरेने दिसायची नाही. म्हणजे पाणबुडी समोरून गेली तरी पत्ता लागायचा नाही.

एक चाल म्हणजे समुद्रातली दोन मिनिटं. तेवढ्याच वेळात कॅप्टनने ठरवायचं की वळायचं, वेग वाढवायचा की डेप्थ चार्ज टाकायचा. कागदावर हुकूम लिहायचा, रेन तो घेऊन जायची आणि जहाज हलवायची. खेळ संपला की पडदे दूर करायचे. मग आपण काय समजत होतो आणि प्रत्यक्षात काय घडत होतं, हे प्रत्येकाला फरशीवर खडूने लिहिलेलं दिसायचं.

म्हणजे तो त्या काळचा सिम्युलेटरच होता. फक्त कॉम्प्युटरचं काम मुली करत होत्या.

कोडं सुटलं

रॉबर्ट्सने आधी खऱ्या लढायांचे अहवाल हातात घेतले. १९४१ च्या डिसेंबरमधल्या एचजी-७६ या ताफ्याची लढाई त्यात महत्त्वाची होती. जिब्राल्टरहून निघालेल्या या ताफ्याची राखण कमांडर वॉकर करत होता आणि तो पुढे पाणबुड्यांचा कर्दनकाळ म्हणून गाजला. त्याची एक चाल होती बटरकप. जहाजाला टॉर्पेडो लागला की सगळ्या युद्धनौकांनी बाहेरच्या बाजूला वळायचं, आकाशात प्रकाशगोळे सोडायचे आणि डेप्थ चार्ज टाकत पाणबुडी शोधायची. यामागे गृहीत होतं की पाणबुडी ताफ्याच्या बाहेर आहे.

सगळं नौदल हेच धरून चाललं होतं. कारण उघड होतं. पहारा बाहेर आहे, मग शत्रूही पहाऱ्याच्या पलीकडूनच मारणार ना?

रॉबर्ट्स आणि रेन लढाया फरशीवर परत परत मांडून बघू लागले. पण हिशेब जुळेना. कधी बुडालेलं जहाज ताफ्याच्या अगदी मधल्या रांगेत असायचं. बाहेरून सुटलेला टॉर्पेडो इतक्या रांगा ओलांडून, बाकी कुणालाही न लागता बरोबर मधल्याच जहाजाला कसा लागेल? तेही एकदा नाही, वारंवार?

मग रॉबर्ट्सने प्रश्न उलटा केला. आपण स्वतः पाणबुडीचे कॅप्टन असतो तर काय केलं असतं? त्याने ब्रिटिश पाणबुडीवाल्यांकडेच चौकशी केली. त्यांचं म्हणणं पडलं की टॉर्पेडो जितका जवळून मारता येईल तितका चांगला.

झालं, गाठ सुटली. पाणबुडी बाहेर नव्हतीच, ती ताफ्याच्या आत होती. ती मागून यायची, कारण टेहळणी करणाऱ्यांचं लक्ष पुढे आणि बाजूला असायचं, मागे कुणी फारसं बघत नसे. रात्री पाण्यावर असल्यामुळे अ‍ॅस्डिकलाही तिचा पत्ता लागत नसे. टॉर्पेडो मारला की ती बुडी मारायची आणि ताफा तिच्या डोक्यावरून पुढे निघून जायचा. पहारेकरी तेव्हा बाहेर, भलत्याच ठिकाणी समुद्र घुसळत असायचे.

रास्पबेरी

चोर कुठून येतो आणि कुठून जातो हे कळलं की सापळा लावणं सोपं असतं. रॉबर्ट्स आणि त्याच्या मुलींनी नवी चाल बसवली. जहाजाला टॉर्पेडो लागला की युद्धनौकांनी बाहेर पळत सुटायचं नाही. ताफा पुढे जाऊ द्यायचा, त्याच्या मागे एका ओळीत यायचं आणि अ‍ॅस्डिक लावून तो पट्टा विंचरून काढायचा. बुडी मारून बसलेली पाणबुडी तिथेच असणार. आता ती पाण्याखाली आहे, म्हणजे हळू आहे आणि अ‍ॅस्डिकला सापडू शकते.

अ‍ॅडमिरल नोबल यांना बोलावून रॉबर्ट्सने आधी जुनी चाल खेळून दाखवली आणि मग नवी. ज्यांना हा पोरखेळ वाटत होता, त्यांनी डोळ्यांनी फरक बघितला आणि त्यांचं मत फिरलं. त्यांनी लंडनला तसं कळवलं आणि रॉबर्ट्सला बढती मिळाली.

चालीचं बारसं जीन लेडलॉने केलं. नाव ठेवलं रास्पबेरी. इंग्रजांकडे ओठांत जीभ धरून फुर्र असा आवाज काढून चिडवतात, त्यालाही रास्पबेरीच म्हणतात. म्हणजे ती हिटलरला वेडावून दाखवली होती. पुढच्या चालींनाही मग स्ट्रॉबेरी, गूसबेरी, पाइनअ‍ॅपल अशी फळांची नावं मिळत गेली.

शिकवणाऱ्या मुली, शिकणारे कॅप्टन

१९४२ च्या फेब्रुवारीपासून इथे आठवड्याचे कोर्स सुरू झाले. थेट अटलांटिकवरून आलेले, दाढी वाढलेले, रात्र रात्र जागलेले कॅप्टन फरशीभोवती जमायचे आणि विशीतल्या मुली त्यांच्या चुका दाखवायच्या. सुरुवातीला काहींच्या कपाळावर आठ्या यायच्या. ज्यांनी समुद्र बघितला नाही त्या आम्हाला शिकवणार? पण एकदा पडद्यामागून हरून बाहेर आलं की सूर बदलायचा.

यातला सगळ्यात गाजलेला किस्सा अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन यांचा. १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी नोबल यांच्याकडून सूत्रं घेतली. हॉर्टन स्वतः पहिल्या महायुद्धातले नावाजलेले पाणबुडी कॅप्टन. १९१४ मध्ये त्यांनी हेला ही जर्मन क्रूझर बुडवली होती. ते म्हणाले की मी पाणबुडी खेळतो, बघू तुमची चाल. पडद्यामागे युद्धनौका सांभाळत होती जॅनेट ओकेल. हॉर्टन पाच वेळा खेळले आणि पाचही वेळा बुडाले. आपल्याला फसवलं जातंय असा त्यांना संशय आला. मग आपल्याला कुणी हरवलं ते त्यांना दाखवण्यात आलं. पडद्याआडून एक विशीतली मुलगी बाहेर आली.

त्यानंतर या खेळाला डर्बी हाउसमध्ये कुणी हसलं नाही. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी इथून शिकून गेले.

खेळ समुद्रात उतरला

१९४२ सालीच पाणबुड्यांनी मित्रराष्ट्रांची हजाराहून जास्त जहाजं बुडवली होती. त्यामुळे रास्पबेरी आली आणि चित्र एका रात्रीत बदललं असं झालं नाही. १९४३ चा मार्चही फार वाईट गेला.

खरी कसोटी लागली एप्रिलच्या अखेरीला आणि मेच्या सुरुवातीला, ओएनएस-५ या ताफ्याच्या वेळी. ब्रिटनहून अमेरिकेकडे निघालेल्या या संथ ताफ्यावर ४० च्या आसपास पाणबुड्या तुटून पडल्या. राखणीला मोजक्याच युद्धनौका होत्या. त्यातही प्रमुख अधिकारी पीटर ग्रेटन याच्या जहाजाचं इंधन संपत आलं म्हणून त्याला निघून जावं लागलं. सूत्रं रॉबर्ट शेरवूडकडे आली.

ताफ्याने डझनभर जहाजं गमावली. पण त्या लढाईत सहा पाणबुड्याही बुडाल्या आणि डोनिट्झला हा सौदा परवडणारा नव्हता. त्या एका महिन्यात जर्मनीने ४० हून जास्त पाणबुड्या गमावल्या. २४ मे १९४३ ला डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या. जर्मन लोक त्या महिन्याला काळा मे म्हणतात.

याचं सगळं श्रेय खडूच्या खेळाला देणं चूक ठरेल. छोट्या लहरींचं रडार आलं होतं, लांब पल्ल्याची विमानं आली होती, जर्मनांचे गुप्त संदेश फोडले जात होते, नवी हत्यारं मिळाली होती. पण ही सगळी साधनं हातात असताना ऐन अंधारात, दोन मिनिटांत, कुठे वळायचं हे ठरवणारा कॅप्टन लागतो. तो निर्णय आधी शंभर वेळा फरशीवर चुकून बघण्याची सोय रॉबर्ट्सने केली होती.

जर्मनांनीही हार मानली नाही. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये जहाजाच्या पंख्याच्या आवाजामागे जाणारा टॉर्पेडो घेऊन ते परत आले. म्हणजे पाणबुडीवर धावून जाणारी युद्धनौकाच आता शिकार होऊ लागली. रॉबर्ट्सच्या खोलीत पुन्हा खडू बाहेर निघाले आणि त्यावरही चाल बसवली गेली. तिचं नाव स्टेप असाइड, म्हणजे सरळ अंगावर न जाता आधी बाजूला सरकून मग पाणबुडीकडे जायचं.

शत्रूच्या भिंतीवरचा फोटो

१९४५ च्या मेमध्ये जर्मनी शरण गेली. जर्मन पाणबुडी दलाची माहिती गोळा करायला रॉबर्ट्सला तिकडे पाठवण्यात आलं. फ्लेन्सबुर्गला जर्मन मुख्यालयात तो गेला तेव्हा भिंतीवर त्याला स्वतःचाच फोटो लावलेला दिसला, असं सांगितलं जातं. पाणबुड्यांविरुद्धच्या डावपेचांमागे हा माणूस आहे, हे शत्रूला ठाऊक होतं.

त्याच्या स्वतःच्या देशात मात्र हे फार कमी लोकांना माहीत होतं. त्याला सीबीई हा किताब मिळाला, पण काम गुप्त होतं. युद्ध संपताच फरशी पुसली गेली, रेन घरोघरी गेल्या आणि बहुतेकजणी वर्षानुवर्षं यावर काही बोलल्या नाहीत. वॉकरसारख्या कॅप्टन्सची नावं झाली आणि ते योग्यच होतं. पण वरच्या मजल्यावरची खोली मागे पडली.

रॉबर्ट्स १९८६ मध्ये गेला. ज्या फुफ्फुसांमुळे नौदलाने त्याला घरी पाठवलं होतं, ती त्यानंतर ४८ वर्षं टिकली. लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये आज संग्रहालय आहे. तिथे त्या काळच्या खोल्या बघता येतात.

आणि गेममध्ये रात्रीच्या अंधारात ताफ्याच्या रांगांमध्ये शिरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. खऱ्या समुद्रात हा डाव चालला तो फक्त समोरच्याला पाणबुडी आत आहे हे कळेपर्यंतच. ते ज्यांनी शोधलं, त्यांनीही तो एक खेळ म्हणूनच खेळला होता. फरक इतकाच की त्यांच्या खेळात हरलेलं प्रत्येक जहाज आधीच कुठेतरी खरोखर बुडालेलं होतं आणि पुढचं वाचवायचं होतं.